सिंहस्थाचे रंग शेड कार्डवरून ठरवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिंहस्थ जवळ येत चालला तशी शहर रंगवण्याची चर्चा वाढत चालली आहे. घाटाच्या पायऱ्या, पुलांचे कठडे, रस्त्याकडेच्या भिंती, दुभाजक, कमानी, जुन्या नाशकातल्या गल्ल्या. कोणी म्हणते सगळे भगवे करा, कोणी म्हणते जयपूरसारखे एका रंगाचे करा, तर कोणी थेट काळ्या दगडालाच ऑइलपेंट सुचवते. मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पावडर कोटिंगच्या, म्हणजे पत्र्यावर रंगाची भुकटी बसवून ती भट्टीत भाजण्याच्या, एका कारखान्यात रंगजुळणीचे काम करते. ग्राहकाने दिलेला नमुना आणि आमच्या भट्टीतून निघालेला पत्रा एकाच रंगाचे आहेत की नाही ते पाहायचे आणि सही करायची, हे माझे रोजचे काम. त्या कामाच्या बळावर एक विनंती करण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. रंग जिथे लागणार आहे तिथेच, आणि लोक तो ज्या उजेडात पाहणार आहेत त्याच उजेडात आधी लावून पाहावा. मग मंजूर करावा. कार्यालयातल्या ट्यूबखाली शेड कार्डवरून, किंवा मोबाइलच्या पडद्यावरून पसंत केलेला रंग गोदाकाठी तसा दिसणार नाही. हा आवडीनिवडीचा प्रश्न नाही, त्याला कारणे आहेत.

आमच्या तपासणीच्या खोलीत एक लाइट बूथ आहे: समोरून उघडी, आतून राखाडी रंगाची पेटी, वर वेगवेगळे दिवे. एका बटणाने भर दुपारच्या, आकाशाच्या उजेडासकट असलेल्या दिवसासारखा प्रकाश पडतो. त्याला आम्ही डी-६५ म्हणतो, कारण त्याचे रंगतापमान सुमारे ६५०० केल्विन धरलेले आहे. दुसऱ्या बटणाने जुन्या तारेच्या बल्बचा पिवळा उजेड, तिसऱ्याने दुकानातल्या ट्यूबचा. कोणता दिवा कसा असावा हे सीआयई या आंतरराष्ट्रीय मंडळाने ठरवून दिलेले आहे, म्हणून जर्मनीतला ग्राहक आणि अंबडमधली मी एकाच उजेडाबद्दल बोलू शकतो. कामावर नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्या दिवशी दोन राखाडी पत्रे देते. डी-६५ खाली दोन्ही अगदी सारखे. पिवळा बल्ब लावला की त्यातला एक हिरवट होतो, दुसरा तांबूस. मुले पत्रे उलटसुलट करून पाहतात, पुन्हा पुन्हा बटण दाबतात. पत्र्यावरच्या पावडरीत काहीही बदललेले नसते.

हे का होते ते नीट सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. सूर्याच्या उजेडात सगळे रंग असतात हे न्यूटनने १६६६ च्या सुमारास लोलक हातात घेऊन दाखवले. आज आपण म्हणतो की साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या लहरी आपल्याला दिसतात. आखूड त्या जांभळ्या-निळ्या, लांब त्या तांबड्या. पृष्ठभाग त्यांतल्या काही लहरी शोषतो आणि उरलेल्या परत टाकतो. गेरूत लोहाचे ऑक्साइड असते. ते निळ्या आणि हिरव्या लहरी बहुतेक गिळून टाकते, साधारण ५८० नॅनोमीटरच्या पुढच्या परत पाठवते, म्हणून गेरू तांबडा. पण परत पाठवायला त्या लहरी आधी उजेडात असाव्या लागतात. दिव्यात किती होते, गुणिले पृष्ठभागाने किती परत टाकले, एवढेच डोळ्यापर्यंत पोचते. दिव्यात तांबडे मुळात कमी असेल तर उत्तमातला उत्तम गेरूही मळका दिसणार.

तिसरा वाटेकरी डोळा. आमचे मोजणीयंत्र, स्पेक्ट्रोफोटोमीटर, ४०० पासून ७०० पर्यंत दर १० नॅनोमीटरला मोजते, म्हणजे एका रंगाचे ३१ आकडे देते. डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीनच प्रकारच्या. ३१ आकड्यांचे तीन होताना बरेच काही गळते, आणि म्हणूनच दोन अगदी वेगळ्या मिश्रणांचे रंग एका उजेडात जुळे दिसू शकतात. माझे ते दोन राखाडी पत्रे असेच: एकात फक्त काळे आणि पांढरे रंगद्रव्य, दुसऱ्यात पांढऱ्याबरोबर तांबडे, हिरवे, निळे असे मिसळून आणलेला राखाडी. दिवा बदलला की तीन आकड्यांचे गणित मोडते आणि जुळेपण संपते. शहरात हे कुठे भेटते? एक कठडा एका कंपनीच्या रंगाने रंगवला, तीन महिन्यांनी पोपडे निघाले तिथे दुसऱ्या कंपनीचा ‘तोच’ रंग लावला. दिवसा ठीक. रात्री दिवे लागले की सगळीकडे ठिगळे. म्हणून कामाच्या करारात नुसते शेडचे नाव लिहून भागत नाही. दोन-तीन उजेडांत तपासलेला नमुना जोडायला हवा, आणि एका सलग भिंतीला एकाच बॅचचा रंग हवा.

आता आपल्या नाशिकच्या उजेडाकडे येते. सिंहस्थाच्या पर्वण्या पावसाळ्यात येतात. मागच्या वेळी, २०१५ मध्ये, त्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होत्या. रंगकाम मात्र कोरड्या दिवसांत होते, आणि नमुने पाहिले जातात ते एप्रिल-मेच्या उन्हात. हे दोन उजेड अगदी निराळे. उन्हाळ्यात सूर्याचा थेट, एका बाजूने येणारा प्रकाश, कडक सावल्या. ऑगस्टमध्ये ढगांनी सगळ्या दिशांना पसरवून टाकलेला, सावल्या पुसून टाकणारा आणि कितीतरी मंद. उन्हात सौम्य वाटलेला पिवळट क्रीम ढगाखाली मळका दिसतो. उन्हात भडक म्हणून नाकारलेला एखादा गडद गेरू पावसाळी दिवसात अगदी बरोबर बसतो. भर उन्हाळ्यातही एकाच इमारतीच्या चार भिंती चार उजेडांत उभ्या असतात. उत्तरेच्या भिंतीवर ऊन येते ते मुख्यतः सकाळ-संध्याकाळी आणि तिरपे, बाकी वेळ तिला मिळतो आकाशाचा निळसर उजेड, कारण हवा आखूड निळ्या लहरी जास्त विखुरते. पश्चिमेच्या भिंतीवर मावळतीचा तांबूस उजेड. समोर कडुनिंब असेल तर त्याच्या पानांवरून आलेला हिरवा. शेड कार्डवर यातले काहीच नसते.

शिवाय पावसाळ्यात सगळे ओले असते, आणि ओल्या पृष्ठभागाचा रंग हा वेगळाच विषय आहे. नारोशंकर, सुंदरनारायण, काळाराम ही आपली अठराव्या शतकातली मंदिरे काळ्या दगडाची. हा दगड दख्खनच्या लाव्हाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा बेसॉल्ट. त्यातली लोहयुक्त काळी खनिजे सगळ्याच लहरी जवळपास सारख्या शोषतात, म्हणून तो कुठल्याच रंगाकडे फारसा झुकत नाही. उन्हाळ्यात हाच दगड राखाडी दिसतो. पावसाची सर येऊन गेली की काळाभोर होतो. दगडाच्या खरखरीत अंगावरून कोरडेपणी बराचसा उजेड आत न शिरताच सगळीकडे विखुरतो, आणि तो पांढुरका थर दगडाच्या खऱ्या रंगावर पसरतो. पाणी त्या खरखरीत अंगातले बारीक खड्डे भरून काढते. वरून परत फिरणारा उजेड एकाच दिशेला जातो, बाकीचा आत शिरतो. आत शिरलेल्यातला बराचसा बाहेर येताना पाण्याच्या वरच्या कडेवर आपटून पुन्हा दगडाकडे वळतो, कारण पाण्यातून उभ्या रेषेशी सुमारे ४९ अंशांपेक्षा जास्त कललेला किरण बाहेर पडूच शकत नाही. पुन्हा दगडावर, पुन्हा शोषण. कोरड्या राखाडीपासून ओल्या काळ्यापर्यंतचा हा सगळा पल्ला त्या एका दगडात आहे, आणि पर्वणीला येणारा भाविक तो ओलाच पाहणार आहे. त्यावर ऑइलपेंट चढवला की हा बदल कायमचा झाकला जातो. बाराही महिने एकच चकचकीत चेहरा. रंगाखाली अडकलेली ओल दगडाचे नुकसान करते ते वेगळेच. काळ्या दगडाला कुठलाही रंग लावू नये, ज्याला आधीच लागला आहे त्याचा जाणकारांकडून सावकाश उतरवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओलीचा दुसरा धडा भिंतींसाठी. चुना देणाऱ्या माणसाला विचारा: चुना ओला असताना जवळजवळ दिसत नाही, वाळला की फुलतो. पांढरेपणा येतो तो उजेड आत वाकून-आपटून विखुरल्याने, आणि त्यासाठी कण व त्याभोवतीचा पदार्थ यांच्या वक्रीभवनांकात, म्हणजे पदार्थ उजेडाला किती वाकवतो त्या आकड्यात, मोठा फरक लागतो. हवेचा अंक १, पाण्याचा १.३३, रंगातल्या चिकट माध्यमाचा सुमारे १.५, खडूच्या भुकटीचा त्याच्या थोडा वर. खडूभोवती हवा असेल तर तो पांढरा. भोवती पाणी शिरले की फरक बराच कमी होतो आणि तो पारदर्शक होऊ लागतो. चांगल्या रंगातल्या टायटॅनियम डायऑक्साइडचा अंक सुमारे २.७, म्हणून तो ओला झाला तरी पांढराच राहतो. स्वस्त डिस्टेंपरमध्ये खडू भरपूर, टायटॅनियम कमी. कोरड्या दिवसात तो खालच्या जुन्या घोषणा, जाहिराती, डाग झाकतो, आणि भर पावसात भिंत भिजली की ते सगळे पुन्हा वर दिसायला लागतात. नमुना मे महिन्यात कोरडा पाहून पसंत केला असेल तर हे कळायचा मार्गच नाही. बादलीभर पाणी मारून पाहणे एवढीच परीक्षा पुरे आहे, ती करारात लिहावी.

चकाकीबद्दल लोकांचा फार आग्रह असतो. चकचकीत म्हणजे नवे, स्वच्छ, असे मनात बसले आहे. चकाकीत रंग नसतो. रंगाच्या थराच्या वरच्या कडेवरूनच, आत न जाता, समोरून पडणाऱ्या उजेडाचा सुमारे ४ टक्के भाग परततो, आणि तो दिव्याच्याच रंगाचा असतो. लाल प्लास्टिकच्या बादलीवरचा चमकता ठिपका पांढरा असतो, तो याच कारणाने. उजेड तिरपा पडला की हे प्रमाण झपाट्याने वाढते. गुळगुळीत भिंतीवर हा परतावा एका दिशेला जातो: बाकीच्या बाजूंनी रंग खोल आणि भरदार, आणि त्या एका बाजूने नुसता आरसा. मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या, रंगात तोच परतावा सगळ्या दिशांना सांडतो, रंग थोडा फिकट वाटतो, पण कुठूनही सारखा. पश्चिमेकडे तोंड केलेल्या, मजकूर लिहिलेल्या भिंतीला चकचकीत रंग दिला तर सायंकाळी मजकूर वाचता येणार नाही. घाटाच्या पायऱ्यांवर तर चकचकीत रंगाचा विचारही नको; तिथे पाय घसरण्याचा धोका आहे.

कळसाला, कमानीला सोनेरी रंग द्यायची मागणी येईल, म्हणून आधीच लिहून ठेवते. जुन्या नाशकातल्या तांबट लेनमध्ये जा. तिथे घासून ठेवलेल्या हंड्यावरचा चमकता ठिपका पाहा: तो तांबूस आहे. धातूत वरूनच परतणारा उजेड रंगीत होऊन येतो, कारण तांबे आणि सोने आपल्या पृष्ठभागावरच निळा-हिरवा भाग गिळतात. प्लास्टिकचे, ऑइलपेंटचे तसे नाही. पिवळ्या रंगद्रव्याने सोने कधीच दिसणार नाही, कारण त्याची चमक पांढरी राहणार. धातूची भुकटी घातलेला सोनेरी रंग पहिले काही महिने जवळ जातो, पण पितळी भुकटी उघड्यावर काळवंडते. ज्या कमानीला खरोखर धातूचे तेज हवे आहे तिथे तांब्या-पितळेचा पत्राच बसवावा. ती कला अजून आपल्याच गावात आहे आणि त्या कारागिरांना कामाची गरज आहे.

रंगद्रव्याशिवाय येणारे रंगही आपल्याकडे कमी नाहीत. पाचशेच्या नोटेतला सुरक्षा धागा हलवून पाहा, हिरव्याचा निळा होतो. तिथे अतिशय पातळ थरांवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि कोन बदलला की वेगळी लहर वरचढ होते. नोटा छापणारा कारखाना नाशिकरोडला आहे. येवल्याच्या विणकराकडे धूपछाँव पैठणी असते, तिच्यात उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, आणि पदर हलला की दोघांचे प्रमाण बदलते. या गोष्टी हातात घेऊन फिरवण्यासाठी बनवलेल्या आहेत. कठड्यांना मोत्यासारखे झळकणारे पेंट देण्याची फॅशन आली आहे, ती भिंतींवर मात्र आणू नये. चालत्या गर्दीला प्रत्येक पावलावर वेगळा रंग दिसेल आणि दुरुस्तीचा एक ब्रश फिरवला तरी तेवढा भाग उठून येईल, कारण त्यातली चकचकीत पापुद्र्यांची मांडणी हाताने तशीच्या तशी पुन्हा जमत नाही.

गल्ल्यांबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. भद्रकाली, जुनी तांबट आळी, सराफ बाजारामागचे बोळ: अरुंद, दोन्हीकडे उंच घरे. अशा बोळात भिंतींवर थेट ऊन थोडाच वेळ पडते. बाकी दिवसभर एका भिंतीवरून दुसरीवर, दुसरीवरून पहिलीवर असा उजेड खाली उतरतो. समजा, भगव्या भिंतीने तांबड्या लहरींतल्या ६० टक्के परत टाकल्या आणि निळ्यांतल्या २० टक्के. एकदा आपटून प्रमाण तीनास एक. दुसऱ्यांदा आपटल्यावर ३६ आणि ४, म्हणजे नवास एक. त्यामुळे जो भगवा मोकळ्या चौकात प्रसन्न दिसतो, तोच दोन्ही बाजूंनी लावला तर बोळात अंगावर येतो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा चेहरा, पांढरे कपडे, दुकानातली भाजीसुद्धा भगवी करून टाकतो. वर उजेडही कमी होतो. जुन्या वाड्यांना आतून चुना का देत याचे उत्तर यात आहे. चुना पडलेल्या उजेडातला बराच मोठा भाग परत देतो, शिवाय कुठली लहर फारशी निवडत नाही. बोळ फिकट ठेवावेत. भगवा हवा तर चौकटीला, खिडक्यांच्या पट्ट्यांना द्यावा.

लहान नमुन्यावर पसंत केलेला रंग मोठ्या भिंतीवर अधिक भडक वाटतो, हे कुठलाही अनुभवी रंगारी सांगेल. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी बैठकीत नखाएवढ्या चौकोनावर बोट ठेवून विचारले होते, “अहो, एवढ्याशावरून चार मजले कसे ठरवता?” त्यांचा प्रश्न बिनतोड होता. शेजारचा रंगही निर्णय फिरवतो. शेव्ह्रल नावाचे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या गोब्लां विणकामशाळेत रंगखात्याचे प्रमुख होते. काळा धागा फिका पडतो अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी धागा तपासला, त्यात काही उणे नव्हते. शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या रंगांमुळे डोळ्याला तो काळा उतरलेला वाटत होता. आपल्या काळ्या घाटाशेजारी भडक पिवळा किंवा निळा कठडा उभा केला तर दगडाला हात न लावताही दगड बिघडेल. दगडाजवळचे सगळे काही, कठडे, खांब, कचराकुंड्या, मंद राखाडी किंवा गेरूच्या जवळपासचे असावे.

रात्रीच्या दिव्यांकडे कोणी रंगाचा विषय म्हणून पाहत नाही, म्हणून थोडे सविस्तर. पूर्वी आपल्या रस्त्यांवर सोडियमचे पिवळे दिवे होते. त्यांचा उजेड मुख्यतः पिवळ्या भागातला, त्याखाली हिरवी आणि निळी साडी ओळखता येत नसे. आता एलईडी आले. पांढऱ्या एलईडीच्या पोटात निळा दिवा असतो, सुमारे ४५० नॅनोमीटरचा; त्या निळ्या दिव्याच्या शोधाला २०१४ चे नोबेल मिळाले. त्याच्यावरचा पिवळा थर काही निळ्याचे हिरवे-पिवळे-तांबडे करतो आणि सगळे मिळून पांढरे दिसते. स्वस्त दिव्यात या थराकडून खोल तांबडे फार थोडे येते. खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा असतो, तो १०० च्या जितका जवळ तितके रंग खरे दिसतात. पण तो आकडा आठ फिक्या नमुन्यांची सरासरी आहे. गडद तांबडा नमुना, ज्याला आर-९ म्हणतात, त्या सरासरीत धरलेलाच नाही. त्यामुळे सीआरआय ८० असलेल्या दिव्याखाली कुंकू, भगवा ध्वज, लाल काठ, गुलाल हे सगळे विटकरी, निस्तेज दिसू शकते. रामकुंडाचा आणि पंचवटीचा परिसर असा आहे की तिथे हेच रंग सगळ्यात जास्त आहेत. तिथले दिवे मागवताना सीआरआय ९० च्या वर आणि आर-९ चा आकडा लेखी मागावा. लाखो रुपयांचा रंग लावून वर चुकीचा दिवा लावला तर रात्री तो रंग नाहीच.

आणि पाट्या. २७ ऑगस्ट २००३ च्या, सिंहस्थातल्या चेंगराचेंगरीची आठवण असलेल्या नाशिककरांना गर्दीत वाट स्पष्ट दिसण्याचे महत्त्व सांगायला नको. भाविक पहाटे अंधारात निघतात. फटफटीत उजाडण्याआधीच्या मंद प्रकाशात डोळ्याच्या शंकूपेशी मागे पडतात आणि दंडपेशी काम करू लागतात. त्यांना तांबड्या लहरी जवळपास कळतच नाहीत. त्यांची सर्वाधिक संवेदना ५०० नॅनोमीटरच्या आसपास, निळ्या-हिरव्यात. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने हे १८२५ मध्ये नोंदवले: पहाटे लाल फुले काळी दिसतात आणि निळी उजळ. याचा अर्थ असा की काळ्या दगडावर लाल अक्षरांत लिहिलेली ‘खोल पाणी’ ही सूचना नेमकी ज्या वेळी हवी त्या वेळी अदृश्य असते. धोक्याची खूण लाल ठेवायचीच असेल तर ती रुंद पांढऱ्या पट्ट्यात असावी, अक्षरे पांढऱ्यावर काळी. शिवाय काही पुरुषांना जन्मतः लाल-हिरव्यातला भेद दिसत नाही, म्हणून येण्याचा मार्ग हिरवा आणि जाण्याचा लाल एवढेच करून थांबू नये. बाण, आकार आणि मोठा क्रमांकही द्यावा. रस्त्याच्या पाट्यांवर काचेचे बारीक मणी असलेला पत्रा वापरतात, तो आलेला उजेड दिव्याच्याच दिशेला परत पाठवतो. गाडीचालकाला ते उपयोगी आहे. पायी चालणाऱ्याच्या हातात दिवा नसेल तर त्याला त्याचा काही फायदा नाही. घाटावरच्या पाट्यांवर स्वतंत्र दिवा हवा.

माझे म्हणणे खर्च वाढवणारे नाही. ज्या ज्या जागी रंग देणार तिथे मीटरभर लांबी-रुंदीचे नमुने, दोन हात देऊन, येत्या पावसाळ्यातच लावावेत. रामकुंडाजवळ एक, उत्तरेच्या भिंतीवर एक, जुन्या नाशकातल्या एखाद्या बोळात समोरासमोर दोन. ते ढगाळ दुपारी पाहावेत, पाऊस पडत असताना पाहावेत, पहाटे पाहावेत आणि जो दिवा तिथे कायम लागणार आहे त्या दिव्याखाली पाहावेत. तिथले दुकानदार, पुजारी, फुले विकणाऱ्या बाया यांनाही विचारावे, कारण पुढची बारा वर्षे ते रोज त्याच्याकडे पाहणार आहेत. जो नमुना पसंत पडेल त्याची मोजणी करून ३१ आकडे करारात लिहावेत, म्हणजे नंतर ‘तोच रंग आहे’ यावर वाद उरणार नाही. अंबड-सातपूरच्या अनेक कारखान्यांत अशी मोजणीयंत्रे आहेत. ज्यांच्याकडे हे काम असेल त्यांनी कळवल्यास मी सुट्टीच्या दिवशी हातातले यंत्र घेऊन घाटावर यायला आणि प्रत्येक नमुना विनामूल्य मोजून द्यायला तयार आहे. माझ्या वरिष्ठांची त्यासाठी परवानगी मी घेतली आहे.

आपली विश्वासू,
रंगजुळणीच्या कामातली एक वाचक,
सिडको, नाशिक